सहा घरं, एक फायबर : टीपी-लिंक ओमाडा संच कोकणातल्या आवारात कसा चालतो

मालकाचं घर, त्याला भिंत लागून काढलेले दोन ब्लॉक, आणि परसात सुटी बांधलेली तीन छोटी घरं. दापोलीपासून मालवणपर्यंत भाड्याच्या आवाराचा हा ठरलेला नकाशा. एका ब्लॉकमध्ये बदलीवर आलेले बँकेतले साहेब, दुसऱ्यात शाळेतल्या बाई, परसातली घरं पर्यटकांना किंवा चार महिने 'वर्क फ्रॉम होम' करायला आलेल्या मुंबईकरांना. घर बघायला आलेला माणूस हल्ली पाण्याच्या आधी वायफाय विचारतो. अशा सहा घरांना एकाच फायबरवरून जाळं द्यायचं, तर टीपी-लिंकचा ओमाडा संच कितपत उपयोगी पडतो, ते इथे पाहू.

संच असा: ईआर६०५ राउटर, ओसी२०० कंट्रोलर (सगळी यंत्रं एका जागेवरून सांभाळणारी डबी), टीएल-एसजी२२१०पी हा पीओई स्विच (नेटच्या केबलमधूनच वीजही देणारा), घरांच्या आत ईएपी२२५ आणि अंगणात एक ईएपी२२५-आउटडोअर. सहा घरांचे सहा आणि अंगणाचा एक, असे सात एपी, म्हणजे वायफाय पसरवणारे ॲक्सेस पॉइंट.

निकाल आधीच सांगतो. संच घेण्यासारखा आहे. सातही एपी एका पडद्यावर दिसतात, भाडेकरू बदलला की पासवर्ड दोन मिनिटांत बदलता येतो, आणि या दर्जाच्या इतर कंपन्यांच्या मानाने खिशाला सोसतो. पण ज्या मेशची, म्हणजे तारेशिवाय एपीने एपीला जोडण्याची, एवढी जाहिरात होते, ती घराघरांत वापरू नका. बजेटमधले जास्तीत जास्त पैसे एपीवर न घालता दोन घरांमधल्या तारेवर घाला. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं आणि मग शिव्या वायफायला बसतात.

चिरा आणि सिग्नल

नऊ इंची चिऱ्याची, म्हणजे जांभा दगडाची, भिंत आणि शहरातली चार इंची विटांची भिंत यांची तुलनाच नको. जांभ्यात लोह भरपूर, त्याचा लाल रंग त्यामुळेच. शिवाय तो सच्छिद्र. जून लागला की गिलावा नसलेला चिरा पाणी पितो आणि ओली भिंत सिग्नल आणखी खाते. म्हणून मे महिन्यात फोनवर टेस्ट करून 'पास' झालेली मांडणी जुलैत नापास होते. ५ गिगाहर्ट्झ एक भिंत कशीबशी पार करतं, दुसरीच्या पलीकडे त्याच्यावर भरवसा ठेवू नका. २.४ गिगाहर्ट्झ पलीकडे पोचतं, पण व्हिडिओ कॉल अडखळतो.

छपराचंही तसंच. मंगलोरी कौलं सिग्नलला फारशी आडवी येत नाहीत, पत्रा त्याला परत पाठवतो. खिडकीची ॲल्युमिनियमची मच्छरजाळी दिसायला किरकोळ, पण पडवीतून आत येणारं ५ गिगाहर्ट्झ तिथे बरंच अडतं. पाण्याने भरलेली टाकी मध्ये आली तर तिच्यामागे सावली पडलीच म्हणून समजा.

मोजायची पद्धत सोपी आहे. सिग्नल डीबीएममध्ये दाखवणारं कोणतंही फुकट ॲप घ्या आणि घरातल्या सगळ्यात लांबच्या पलंगावर बसून बघा. उणे ६५ किंवा त्याहून बरं असेल तर काळजी नाही. उणे ७० ला कॉल तुटायला लागतो. उणे ७५ म्हणजे तिथे वायफाय आहे असं म्हणूच नका.

या सगळ्यातून उत्तर एकच निघतं: प्रत्येक घरात स्वतःचा एपी, आणि तो तारेने जोडलेला. ईएपी२२५ मेशवर चालतो, पण मागची जोडणी आणि घरातले फोन यांना एकाच ५ गिगाहर्ट्झ रेडिओवर भागवावं लागतं, त्यामुळे प्रत्येक टप्प्याला वेग निम्म्याच्या आसपास येतो. मधे चिऱ्याच्या दोन भिंती असतील तर निम्माही नाही. अंगणातल्या मांडवाखाली चार खुर्च्यांपुरतं मेश ठीक आहे. भाडं घेणाऱ्या घरासाठी नाही.

तार: खरा खर्च इथे

मालकाचं घर आणि त्याला लागून असलेले दोन ब्लॉक यांचं मीटर, अर्थिंग आणि छप्पर एकच असतं. इथे तांब्याची कॅट-६ केबल टाका आणि स्विचमधूनच पीओईने एपीला वीज द्या. केबलची मर्यादा १०० मीटर. एवढ्या अंतरात ती येतच नाही.

केबल घेताना फसवणूक ठरलेली. बाजारात कॅट-६ म्हणून स्वस्तात मिळणारी बरीचशी केबल 'सीसीए' असते, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर परत करा. ३०५ मीटरचा खोका नुसता उचलूनही कळतं, अस्सल तांब्याचा चांगलाच जड असतो. सीसीएवर नेट चालेल, पण पीओईची वीज वाटेत गळते. एपी दिवसभर ठीक आणि रात्री सगळे एकदम वापरायला लागले की आपोआप रीस्टार्ट, ही तक्रार आली की आधी केबल खरवडून बघा. बाहेरून जाणाऱ्या भागाला काळ्या पीई आवरणाचीच केबल हवी. करडी पीव्हीसी दोन उन्हाळ्यांत तडकते.

परसातली तीन घरं मात्र तांब्याने जोडू नका. अंतर तीसच मीटर असलं तरी नको. प्रत्येक घराचं अर्थिंग वेगळं, आणि एप्रिल-मेच्या वळिवात किंवा ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात जवळपास वीज पडली की दोन अर्थिंगमधला व्होल्टेजचा फरक त्या तांब्याच्या तारेतून धावतो. वीज थेट आपल्या घरावर पडायची गरजच नसते. सकाळी स्विचचे दोन पोर्ट आणि पलीकडचा एपी मेलेला, बाकी सगळं शाबूत. असं जळलेलं यंत्र वॉरंटीत बसत नाही. सर्ज प्रोटेक्टरने धोका कमी होतो, पण त्याचंही अर्थिंग चांगलं हवं, आणि जांभ्याच्या कातळावर चांगलं अर्थिंग मिळवणं हे वेगळंच प्रकरण आहे.

म्हणून इथे फायबर. काचेतून वीज वाहत नाही. मात्र केबलवाल्याकडे मिळणाऱ्या ड्रॉप केबलमध्ये ताण घ्यायला कधीकधी पोलादी तार असते. ती दोन्ही टोकांना कापून मोकळी ठेवा, यंत्राच्या डबीत नेऊ नका. पोलादाऐवजी एफआरपी, म्हणजे प्लास्टिक-काचतंतूची काडी असलेली मिळाली तर हा प्रश्नच मिटतो. तीन घरांसाठी सामान असं लागतं:

- दोन-कोअर ड्रॉप केबल, प्रत्येक घराला अंतर अधिक दहा मीटर. वापरात एकच कोअर (काचेचा तंतू) येतो, दुसरा राखीव.
- टीएल-एसएम३२१ए आणि टीएल-एसएम३२१बी हे एसएफपी मॉड्यूल (फायबर यंत्राला जोडणारी खुंटी), तीन जोड्या. एका टोकाला ए, दुसऱ्या टोकाला बी. दोन्हीकडे ए लावलं तर दिवा लागत नाही आणि माणूस केबलला दोष देत बसतो.
- एमसी२२०एल मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल यांना जोडणारी डबी), चार. एसजी२२१०पीमध्ये दोन एसएफपी खाचे आहेत, त्यामुळे दोन घरांचं फायबर सरळ स्विचमध्ये जातं. तिसऱ्याला या बाजूलाही कन्व्हर्टर लागतो. सहा कन्व्हर्टर विकायला बसलेल्या दुकानदाराला हे सांगा.
- एलसी/यूपीसी पिगटेल (टोकाला कनेक्टर असलेला फायबरचा तुकडा), सहा. राखीव कोअरही आत्ताच जोडून घ्यायचा असेल तर बारा.

शेवटच्या ओळीवर जरा थांबा. इंटरनेट कंपन्या घरात हिरव्या टोकाचा एससी/एपीसी कनेक्टर लावतात, त्यामुळे केबलवाल्याच्या पिशवीत तोच भरलेला असतो. आपल्या मॉड्यूलला निळा एलसी/यूपीसी लागतो. हिरव्याचा माथा तिरका घासलेला, निळ्याचा सरळ. अडॅप्टर घालून दोन्ही एकमेकांत बसवता येतात, दिवाही लागतो, आणि मग डेटाची पाकिटं गळत राहतात. स्प्लायसिंगला, म्हणजे फायबरची टोकं सांधायला, माणूस बोलावतानाच 'एलसी, निळा' असं सांगून ठेवा.

एमसी२२०एलची एक खोड आहे. त्याच्या तांब्याच्या पोर्टला गिगाबिटच लागतं, १०० एमबीपीएसवर तो उतरत नाही. कन्व्हर्टरपासून एपीपर्यंतच्या वीतभर पॅच कॉर्डमधली आठपैकी एक तार जरी नीट क्रिंप झाली नसेल तर वेग कमी होत नाही, लिंकच येत नाही. ती कॉर्ड हाताने बनवू नका, तयार मोल्डेड घ्या.

केबल जमिनीतून न्यायची तर एचडीपीई पाइपातून, किमान फूटभर खोल, आणि पाइपाची दोन्ही तोंडं बुजवून. उघड्या तोंडातून घूस शिरते. वरून न्यायची तर माडाला बांधू नका. माड हलतो, झावळी पडते, आणि पाडेकऱ्याला वर चढताना खालची केबल दिसत नाही.

विजेचा पेच

फायबरचा तोटा हाच की त्यातून पीओई जात नाही. मालकाच्या घरातला इन्व्हर्टर स्विचला जोडला की त्या घराचा, दोन ब्लॉकांचा आणि अंगणाचा एपी लाइट गेल्यावरही चालतो. परसातली तीन घरं अंधारात. तिथे कन्व्हर्टर आणि एपी मिळून साधारण पंधरा वॅट लागतात. त्या घरांत पंखा-दिव्याचा इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनवर एक प्लग काढून घ्या. नसेल तर मालकाच्या इन्व्हर्टरची लाइन तिकडे ओढायचा मोह होतो. तो टाळा. फायबर टाकून जो धोका टाळला तो त्या तांब्याने परत येतो. छोटा ऑफलाइन यूपीएस ठेवलेला बरा.

बाजारात 'राउटर यूपीएस' म्हणून १२ व्होल्टची चपटी डबी मिळते. ती इथे कामाची नाही, कारण कन्व्हर्टरचा अडॅप्टर आणि एपीचा इंजेक्टर यांचे व्होल्टेज वेगवेगळे आहेत. ईएपी२२५चा पॅसिव्ह इंजेक्टर २४ व्होल्टचा. त्या इंजेक्टरच्या 'पीओई' लिहिलेल्या भोकात कायम वीज असते. भाडेकरूने लॅपटॉपची केबल तिथे घातली तर लॅपटॉपचा पोर्ट धोक्यात. त्या भोकावर टेप लावून वर 'हात लावू नये' लिहा, किंवा सगळंच कुलपाच्या डबीत ठेवा.

मुख्य स्विचचा हिशेब जमतो. एसजी२२१०पीची पीओई क्षमता सुमारे ६१ वॅट. आतले तीन एपी प्रत्येकी कमाल साडेबारा-तेरा वॅट, अंगणातला साधारण साडेदहा, शिवाय ओसी२००. सगळं एकदम पूर्ण भाराला गेलं तरी पंचावन्नच्या आसपास थांबतं. आठ पोर्टांपैकी सात भरतात: चार एपी, राउटर, कंट्रोलर, तिसऱ्या घराचा कन्व्हर्टर. एक उरतो.

१५० एएचची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. निम्मीच वापरायची आणि इन्व्हर्टरची गळती वजा करायची म्हटलं तरी साठ-सत्तर वॅटला दहा तास सहज निघतात, अर्थात त्यावर चार पंखे नसतील तर. इन्व्हर्टरमागचं बटण 'यूपीएस' मोडवर हवं. साध्या मोडवर लाइट जाताना बदल इतका सावकाश होतो की राउटर रीस्टार्ट होतो आणि भाडेकरूचा कॉल तुटतो. हे बटण बघायचं कुणाच्याच डोक्यात येत नाही.

कंट्रोलर आणि मांडणी

ओसी२०० ही हातात मावणारी डबी, शंभरपर्यंत यंत्रं सांभाळते. पीओईवर चालते, नाहीतर मायक्रो-यूएसबीच्या ५ व्होल्टवर; अडॅप्टर सोबत येत नाही. किंमत राउटरपेक्षा जास्त, म्हणून लोक ती टाळून फुकटचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकतात. सेटिंगपुरतं ते चालतं. लॅपटॉप बंद झाला तरी वायफाय बंद पडत नाही. पण पाहुण्यांचं व्हाउचरवालं लॉगिन पान कंट्रोलरशिवाय उघडत नाही, म्हणून पर्यटक असतील तर ओसी२०० हवीच. ती मंद आहे. लाइट जाऊन आली की पान उघडायला चार-पाच मिनिटं लावते, आणि वारंवार वीज तुटली तर तिचा डेटाबेस बिघडतो. तिला यूएसबी खाच आहे. जुना पेनड्राइव्ह लावून आठवड्याचा ऑटो बॅकअप चालू करा.

क्रम चुकला की अर्धा दिवस जातो. ईआर६०५ कंट्रोलरमध्ये 'अडॉप्ट' केला, म्हणजे त्याच्या ताब्यात दिला, की त्याची आधीची सगळी सेटिंग्ज पुसली जातात आणि कंट्रोलरमधली त्याच्यावर बसतात. आधी राउटरमध्ये पीपीपीओईचं (इंटरनेट कंपनीच्या लॉगिनचं) युजरनेम-पासवर्ड घालून नेट चालू केलं असेल, तर अडॉप्ट होताक्षणी नेट गेलं म्हणून समजा. म्हणून वॅनची (बाहेरच्या लाइनची) माहिती आणि लॅनचा (आतल्या जाळ्याचा) पत्ता आधी कंट्रोलरमध्ये भरा, मग राउटर घ्या, मग स्विच, शेवटी एपी एकेक करून. प्रत्येक एपीला नाव द्या: 'ब्लॉक-१', 'परस-२'. मॅक पत्त्यावरून रात्री अकरा वाजता कोणता एपी बंद आहे ते कळत नाही.

एखादा एपी 'मॅनेज्ड बाय अदर्स' दाखवायला लागला तर तो जुन्या कंट्रोलरशी बांधलेला आहे. पिनने रीसेटचं बटण आठ-दहा सेकंद दाबून धरा.

इंटरनेट कंपनीची ओएनटी (घरात फायबर जिथे येतं ती डबी) ब्रिज मोडवर टाकून मागा, म्हणजे राउटरचं काम एकटा ईआर६०५ करेल. देत नसतील तर डबल नॅटवर, म्हणजे एकामागे एक दोन राउटर ठेवून, भागवता येतं. फक्त दोन्हींचे पत्ते वेगळे हवेत. ईआर६०५ मुळात १९२.१६८.०.१ घेऊन येतो, ओएनटी बहुधा १९२.१६८.१.१ वर असते. ओएनटीचं स्वतःचं वायफाय बंद करा, नाहीतर शेजारचा ब्लॉक त्यालाच चिकटतो आणि आपले सगळे नियम बाजूने निघून जातात.

घराघरांतलं कुंपण

एका घराचा फोन दुसऱ्या घराचा टीव्ही दाखवत असेल तर ते जाळं भाड्याने देण्यालायक नाही. प्रत्येक घराला वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवरचं वेगळं जाळं, द्या: ११ ते १६, पत्ते १९२.१६८.११.० ते १९२.१६८.१६.०. पाहुण्यांना २०. यंत्रांचं व्यवस्थापन १ वर.

ओमाडात 'गेस्ट नेटवर्क'ची एक टिकली आहे. ती लावली की काम झालं असं वाटतं. ती टिकली घरातल्या घरातही भिंत घालते, त्यामुळे फोनवरून टीव्हीवर कास्ट होत नाही, प्रिंटर सापडत नाही. ती फक्त अंगणाच्या पाहुण्यांच्या नावाला लावा. घरांसाठी व्हीलॅन पुरे. पण इथे दुसरी मेख: नुसते व्हीलॅन केले तर राउटर त्यांच्यामध्ये वाहतूक चालू ठेवतो. स्विच एसीएलमध्ये (कुणाची वाहतूक कुठे जाऊ द्यायची त्या नियमांच्या यादीत) प्रत्येक नेटवर्ककडून बाकीच्या सगळ्यांकडे 'डिनाय' असा नियम घालावाच लागतो. घालून झाल्यावर एका घरातून दुसऱ्या घराच्या टीव्हीचा पत्ता पिंग करून बघा. उत्तर आलं तर नियम लागलेला नाही.

एसएसआयडी, म्हणजे वायफायची नावं, कशी द्यायची? सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक घरासाठी वेगळा डब्ल्यूलॅन ग्रुप, त्या घराचं नाव फक्त त्याच्याच एपीवर. एका बँडवर आठ नावांपर्यंत सोय आहे, पण तेवढी वापरू नका. प्रत्येक नाव हवेत सारखं स्वतःची दवंडी पिटत असतं आणि २.४ गिगाहर्ट्झ त्यातच दमतं. दुसरा मार्ग पीपीएसके: सगळीकडे नाव एकच, पण प्रत्येक घराचा पासवर्ड वेगळा आणि पासवर्डवरून व्हीलॅन ठरतो. खळ्यात झोपाळ्यावर बसलं तरी भाडेकरू आपल्याच जाळ्यात राहतो, हा त्याचा फायदा. मात्र सगळ्या मॉडेलांच्या सगळ्या फर्मवेअरमध्ये ही सोय नाही, म्हणून मागच्या स्टिकरवरचं हार्डवेअर व्हर्जन पाहून मगच घ्या. पीपीएसके डब्ल्यूपीए२ वर चालतं, डब्ल्यूपीए३ वर नाही.

उघडा पडणारा कोपरा एकच: एपीची केबल उपसून कोणी लॅपटॉपला लावली तर तो सरळ व्यवस्थापनाच्या व्हीलॅनमध्ये पोचतो. म्हणून डबीला कुलूप, आणि कंट्रोलर-राउटरचे पासवर्ड 'ॲडमिन'सारखे सोपे ठेवायचे नाहीत.

चॅनेल हाताने द्या. २.४ वर २० मेगाहर्ट्झ रुंदी, १, ६, ११ आलटून पालटून. ५ वर ३६ आणि १४९, लागून असलेल्या ब्लॉकांत वेगवेगळे. २.४ची पॉवर 'हाय'वर ठेवली तर लांबचा फोन जुन्याच एपीला चिकटून बसतो. 'मीडियम' किंवा 'लो' करा. सिग्नलची दांडी कमी दिसली म्हणून भाडेकरू कुरकुर करेल. त्याला स्पीड टेस्ट दाखवा.

वाटणी

सहा घरांना २०० एमबीपीएस पुरतात. अडचण महिन्याच्या कोट्याची असते. बऱ्याच घरगुती 'अनलिमिटेड' प्लॅनना ३३०० जीबीची मर्यादा आहे. सहाने भागलं तर घरटी ५५० जीबी. एचडी व्हिडिओ तासाला सुमारे ३ जीबी खातो, ४के सुमारे ७. एकाच घरात रोज पाच तास ४के लागला तर महिन्याला हजार जीबी गेले, आणि पंचवीस तारखेला सहाही घरांचा वेग कोसळला. ओमाडात घरनिहाय महिन्याचा डेटा तोडायची सोय नाही, ही या संचाची मोठी उणीव. व्हाउचरला वेळ आणि डेटा दोन्हींची मर्यादा लावता येते, कायमच्या घरांना नाही. वेगाची वाटणी मात्र जमते: राउटरच्या बँडविड्थ कंट्रोलमध्ये प्रत्येक नेटवर्कला 'शेअर्ड' ६० एमबीपीएस. ६० एमबीपीएसवर कुणालाच काही कमी पडत नाही, पण एक घर सगळी लाइन ओढू शकत नाही. 'इंडिव्हिज्युअल' निवडलं तर प्रत्येक फोनला ६० मिळतात आणि नियम निकामी होतो.

ईआर६०५मध्ये एफक्यू-कोडेल किंवा केकसारखी हुशार रांग नाही. एकाने मोठी फाइल चढवायला घेतली की दुसऱ्याच्या कॉलला ती जाणवते. अपलोडला मर्यादा लावून ते बरंचसं आटोक्यात येतं. मायक्रोटिकच्या राउटरओएस ७ मध्ये या रांगा आहेत आणि यंत्रही स्वस्त. पण ते बसवणारा माणूस रत्नागिरीला आणि बिघाड गुहागरला, हे ज्याला परवडेल त्याने घ्यावं. युनिफाय हा दुसऱ्या कंपनीचा संच जास्त देखणा आणि जास्त महाग. डेको हा टीपी-लिंकचाच घरगुती मेश संच एका कुटुंबाला उत्तम, पण सहा घरांना सहा व्हीलॅन देणं त्याच्या आवाक्यात नाही.

दुसऱ्या लाइनचं थोडक्यात. ईआर६०५च्या व्हर्जन २ला यूएसबी मॉडेमची खाच आहे, पण मोजकीच मॉडेम चालतात. त्यापेक्षा सिमचा ४जी राउटर दुसऱ्या वॅन पोर्टला केबलने लावा. 'ऑनलाइन डिटेक्शन' पिंगवर ठेवा. रस्त्यावर जेसीबीने फायबर तोडलं तरी घरातल्या ओएनटीचा पोर्ट जिवंतच असतो, आणि नुसत्या लिंककडे बघणारा राउटर नेट चालू आहे असंच समजत बसतो. दोन्ही लाइनी एकत्र चालवायच्या असतील तर 'ॲप्लिकेशन ऑप्टिमाइज्ड राउटिंग' चालू हवं, नाहीतर बँकेचं पान मधेच बाहेर फेकतं.

घरगुती कनेक्शनच्या अटींत ते दुसऱ्याला विकायला सहसा मनाई असते. व्यावसायिक प्लॅन मागून घ्या. पर्यटकांना पैसे घेऊन व्हाउचर विकायचे तर पीएम-वाणी, म्हणजे सार्वजनिक वायफायची सरकारी योजना, हा रस्ता आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तो ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केला, आणि त्यात पीडीओ, म्हणजे वायफाय विकणारा, होणाऱ्या छोट्या दुकानदाराला किंवा घरमालकाला परवाना लागत नाही. कोणता व्हाउचर कोणत्या दिवशी कोणत्या खोलीला दिला, याची वही मात्र ठेवाच. चौकशी आली तर कनेक्शन मालकाच्या नावावर असतं.

खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. अंगणातल्या एपीची केबल खालून वर चढवा, म्हणजे पाणी वळणावरूनच गळून जाईल. ग्लँड हाताने घट्ट झाल्यावर पान्याने पाव फेरा आणखी. जॅकवर सिलिकॉन ग्रीस चोपडा, स्क्रू स्टेनलेसचे. पावसाळ्याआधी एकदा आणि परतीचा पाऊस संपल्यावर एकदा झाकण उघडून बघा. आत पाणी नसलं तरी मुंग्यांचं वारूळ असतं, आणि बऱ्याचदा पाल.